फळ्यावरचं विमान

शाळेच्या टीचर्स रूममध्ये किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही, ते आपोआप साठतात. एकानं गोष्ट काढायची, ती रंगात आली की घंटा व्हायची, अर्धीच टाकून उठायचं. पुढच्या सुट्टीत परत येऊन बसावं तर तोवर तिला दुसऱ्या कुणीतरी शेपूट जोडलेलं असतं. आमच्या सोलापूरच्या शाळेत असे किती साठलेत म्हणून सांगू! हेडमास्तरांच्या छत्रीचे आहेत, परीक्षेच्या पेपरचे आहेत, स्नेहसंमेलनात पडद्याबरोबर खाली आलेल्या राजाचे आहेत. ते मी कुणालाही, कुठंही सांगतो. पण विमानाचे किस्से सांगायचे म्हटलं की आधी उठून दार लोटून घेतो. हसा तुम्ही. तुम्ही तेव्हा सोलापुरात नव्हतात.

नुसत्या गांधी टोपीपायी माणसं तुरुंगात धाडणारा तो मार्शल लॉ उठून फार वर्षं झाली नव्हती. घराबाहेर पडताना डोक्यावर टोपी कुठली आहे हे एकदा चाचपून बघायची सवय गावाला लागली होती, ती काही जात नव्हती. त्यात हे विमान येऊन पडलं.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोटाळा नको. गोडबोले शास्त्र शिकवायचे. अफवा ऐकली की त्यांच्या अंगाला खाज सुटायची. सुभेदार म्हणजे आमचे ड्रिल मास्तर, मूळचे नातेपुत्याकडचे, महायुद्धात मेसोपोटेमियात जाऊन आलेले. नरसय्या ड्रॉइंग शिकवायचे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि बोलणं दोन्हीकडं कमीच. त्यांचा थोरला भाऊ राजय्या हातमागावर विणायचा, त्याच्याच कमाईवर नरसय्या शिकून मास्तर झाले होते. मग हेडमास्तर, त्यांना देवापेक्षा सरकारी ग्रँटची भीती जास्त. आणि मी. मी मराठी शिकवतो आणि भितो.

* * *

दुपारची वेळ होती. सहावीवर माझा कवितेचा तास चालला होता. एकदम कौलांवरून घरघर आली, खोकल्यासारखी अडखळत. सोलापूरच्या माणसाला गिरणीचा भोंगा माहीत, रेल्वेची शिट्टी माहीत, पण हा आवाज अनोळखी. आणि मग तो थांबला. खरं सांगू का, आवाजाची भीती वाटली नाही, तो थांबला त्याची वाटली. सगळा वर्ग बेंचखाली गेला. मी टेबलाखाली. तेवढ्यात लांब कुठंतरी धप्प झालं आणि जमीन हलली.

बराच वेळ कुणी हललं नाही. प्रत्येकाच्या मनात एकच, की पुन्हा गोळीबार सुरू झाला. मग व्हरांड्यात पावलं वाजली. हेडमास्तर आले. त्यांच्या टोपीला कोळ्याचं जाळं लागलेलं होतं, त्यावरून तेही कुठं होते ते कळलं. त्यांनी दारातून आत बघितलं, बाकं रिकामी. मग ते बाकांनाच उद्देशून म्हणाले, "कुणीही घाबरायचं नाही. मी तशी परवानगी दिलेली नाही!"

विमान लहानसं होतं. विणकरांच्या वस्तीपलीकडं जो मोकळा माळ आहे तिथं ते नाकावर पडलं होतं. आत एकच गोरा साहेब, त्याला बेशुद्ध उचलून दवाखान्यात नेला. हा माळ म्हणजे सगळ्यांचाच. सकाळी विणकर तिथं मागाच्या सुताचा ताणा पसरायचे, आणि शाळेला स्वतःचं मोठं पटांगण नाही म्हणून आमच्या धावण्याच्या स्पर्धाही तिथंच व्हायच्या. त्या आठवड्यात स्पर्धा होत्या. त्या अर्थातच रद्द झाल्या, कारण संध्याकाळपर्यंत सगळं सोलापूर तो माळ तुडवून आलं.

* * *

पहिली अफवा पाण्याची उठली. विमान म्हणे तळ्यात पूड टाकायला आलं होतं. गिरणी कामगार डोकं वर काढतात, तर एकदाचं सगळं गाव झोपवून टाकायचं.

गोडबोले उसळले. त्यांचं म्हणणं, विमान तळ्याच्या अंगाला फिरकलंच नाही. एवढ्या तळ्याला पूड टाकायची तर गाड्या भरून लागेल, त्या चिमुकल्या विमानात मावायची नाही. आणि साहेबांच्या बंगल्यातसुद्धा त्याच तळ्याचं पाणी जातं, मग ते काय स्वतःला झोपवणार आहेत? आमचा शिपाई हे सगळं कान देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सायबाला उतारा म्हाईत असंल की."

झालं. शाळेतला माठ काठोकाठ भरलेला तसाच राहिला. पोरं तहानेनं कासावीस, पण हात लावीनात. तेव्हा गोडबोल्यांनी सगळ्या शाळेसमोर त्या माठातला एक तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. वर मिशा पुसून हसले.

दुसऱ्या दिवशी गोडबोले शाळेत आले नाहीत.

प्रार्थना झाली, पहिली घंटा झाली, गोडबोल्यांचा पत्ता नाही. टीचर्स रूममध्ये कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना. हेडमास्तरांनी सुभेदारांना आणि मला त्यांच्या घरी पाठवलं. वाटेत सुभेदारांनी एक नारळ आणि हार घेतला. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "लागलं तर असावं."

दार गोडबोलेवहिनींनी उघडलं. चेहरा ओढलेला. सुभेदारांनी हार पाठीमागं लपवून मास्तर कसे आहेत म्हणून विचारलं.

"आत्ताशी डोळा लागलाय," वहिनी म्हणाल्या. "रात्रभर जागे होते. पोटात काही होतंय का बघत बसले होते."

* * *

मग दुसरी अफवा आली. विमानात साहेब एक नव्हता, दोन होते. दुसरा उडी मारून पळाला आणि आता वेश बदलून गावात नावं टिपत हिंडतोय. कुणी म्हणे तो जेऊरला स्टेशनावर दिसला, कुणी म्हणे चाटी गल्लीत साड्यांचा भाव करत होता.

गोडबोल्यांनी हिशेब मांडला. पळून जायचं तर गोरा माणूस सोलापुरात लपणार कुठं? आणि नावं टिपायला सरकारला विमानातून माणूस कशाला टाकावा लागतो, इथले काय कमी आहेत? हे दुसरं त्यांनी हळूच म्हटलं, पण हेडमास्तरांनी ते ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

त्याच दिवशी साहेबी टोपी घातलेला, बूट कोट घातलेला एक अनोळखी माणूस शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. हातात कागद आणि पेन्सिल. हेडमास्तरांनी खिडकीतून बघितलं आणि त्यांचा आवाजच गेला. खुणेनंच त्यांनी फाटकाला कुलूप घालायला लावलं. सगळ्या वर्गांना निरोप गेला, की कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. तो माणूस उन्हात उभा. फाटक हलवतोय, हाका मारतोय. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून आत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नरसय्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

शेवटी त्यानं फाटकावरूनच एक कार्ड आत टाकलं. शिपायानं ते रांगत जाऊन आणलं. शाळा तपासणीचे इन्स्पेक्टर आले होते, वार्षिक तपासणीला.

ग्रँट गेली म्हणून हेडमास्तर खुर्चीतच बसले. पण इन्स्पेक्टरांनी शेरा काय मारला ठाऊक आहे? एवढी मुलं असूनही शाळेत कमालीची शांतता आढळली, शिस्त अत्यंत समाधानकारक!

* * *

इथपर्यंत आम्ही भीत होतो, पण त्यात थोडी गंमतही होती. ती संपली सुभेदारांच्या गोष्टीनं. बिचाऱ्यांनी ती सहज सांगितली होती.

चहा चालला होता. विमानं उतरतात कशी, असं कुणीतरी विचारलं. सुभेदार म्हणाले, "बसऱ्याकडं वाळूत पांढरं कापड हातरायचे. कुटं लांबडं, कुटं गोल. वरनं पांढरं दिसलं की इमानवाला समजायचा, हितं उतरायचंय." एवढं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली, आणि मधेच थांबले. चहा तसाच ठेवून उठून गेले. त्या दिवसापासून ते गप्पच झाले. आम्हाला वाटलं, लढाईतलं काहीतरी आठवलं असेल.

शिपाई होताच. संध्याकाळपर्यंत बसऱ्याचं कापड सोलापुरात आलं. माळावर पांढरं काय असतं? विणकरांचा ताणा! पांढऱ्या सुताचे लांबच लांब ताणे काठ्यांवर पसरून त्यांना खळ लावतात, कुंच्यानं साफ करतात, वाळवतात. आणि विमान जिथं पडलं त्याच्या अगदी शेजारची जागा कुणाची? राजय्याची. दिवे लागायच्या आत गावात पक्कं झालं, की राजय्यानं पांढरी खूण करून साहेबाचं विमान फसवून खाली उतरवलं. कुणी त्याला शूर म्हणत होतं, कुणी घातकी म्हणत होतं. पण केलं त्यानंच, यावर दोघांचं एकमत.

वस्तीतले चार लोक तर शपथेवर सांगायला लागले, की त्या दुपारी माळावर पांढरं काहीतरी होतं खरं. आम्ही डोळ्यांनी बघितलं.

नरसय्या दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते राखेसारखा चेहरा घेऊन. कधी न बोलणारा माणूस गोडबोल्यांसमोर उभा राहिला. "मास्तर, तुम्ही सगळ्याच अफवा खोटं पाडता," ते म्हणाले, "हे पण पाडा. लवकर पाडा. अण्णाला धरून नेतील."

* * *

आता गोडबोल्यांची पद्धत सांगतो, म्हणजे पुढं काय झालं ते कळेल. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, असा त्यांचा नियम. अर्धवट मांडून खोडलं तर ते खोडणं खरं नाही, म्हणायचे.

टीचर्स रूममध्ये फळा नाही. म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही सातवीच्या रिकाम्या वर्गात जमलो. गोडबोल्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. वर लिहिलं, 'विमान पाडलं काय?' एका बाजूला 'होय', दुसऱ्या बाजूला 'नाही'. आणि 'होय'ची बाजू लिहायला घेतली. काय सुंदर मांडली हो! स्वच्छ दिवस, वारा नाही, तरी विमान पडतं. पडतं ते नेमकं मोकळ्या माळावर. विमानाला खाली बोलवायला पांढरं कापड वापरतात याला लढाईवर गेलेल्या माणसाची साक्ष. त्या दुपारी माळावर पांढरं होतं याला वस्तीची साक्ष. एकेक मुद्दा असा ठोकून बसवलेला, की वाचता वाचता मलाच संशय यायला लागला. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत, त्यांनी निष्कर्ष लिहिला: 'राजय्याने माळावर पांढरी खूण केली.'

नरसय्या ते बघून हादरले. गोडबोले त्यांना म्हणाले, थांबा, आता एकेक उडवतो. आणि उडवण्यासारखं त्यांच्याकडं पुष्कळ होतं. ताणा पसरतात पहाटे, ऊन तापायच्या आत गुंडाळून नेतात, विमान पडलं भर दुपारी. ताणा रोज पसरतात, विमान काही रोज पडत नाही. विमान येणार हे राजय्याला कळणार कुठून, आम्हाला तर बेंचखाली गेल्यावर कळलं. हे सगळं त्यांनी तोंडानं सांगितलं, आणि 'नाही' खाली लिहिण्यासाठी खडू टेकवला.

घंटा झाली.

गोडबोल्यांचा पुढचा तास दुसऱ्या टोकाला, पाचवीवर. खडू ठेवून ते धावले, आम्हीही पांगलो. फळा तसाच. आणि हेडमास्तरांनी घालून दिलेला शाळेचा नियम असा, की मास्तर येईपर्यंत फळ्यावर जे असेल ते मुलांनी गप्प बसून उतरवून घ्यायचं. पुढचा तास खुद्द हेडमास्तरांचाच होता. ते दाराशी आले. सातवीचा वर्ग मान खाली घालून चिडीचूप लिहितोय हे बघून त्यांना इतकं बरं वाटलं, की पोरांचा नाद मोडू नये म्हणून ते पाय न वाजवता परत गेले.

त्या रात्री सोलापुरातल्या निम्म्या घरांत विमानाचे मुद्दे शुद्ध मराठीत पाठ झाले. अफवेला पहिल्यांदाच शाळेचा आधार मिळाला होता. लोक म्हणायला लागले, गोडबोले मास्तरांनी सिद्ध केलंय!

* * *

राजय्याला सकाळी नेलं. माळावरूनच. ताण्याला खळ लावत होता, हात तसेच चिकट.

त्यानंतर गावाची जी दशा झाली ती बघवत नव्हती, आणि हसूही यायचं. पांढरं म्हणून काही कुणी बाहेर ठेवीना. विणकरांनी ताणे पसरायचे बंद केले, ताणे नाहीत म्हणून माग बंद. ज्या गल्लीत माग बोलायचा कधी थांबत नाही तिथं चालताना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. बायकांनी धोतरं, चादरी अंगणातून काढून घरात वाळत घातली. हेडमास्तर रोज ओलं धोतर नेसून यायचे आणि खुर्चीवर डाग पडायचे. माळाच्या कडेला मेंढरं चारणाऱ्या एका धनगरानं तर आपल्या पांढऱ्या शेळीच्या पाठीवर भर उन्हात काळं घोंगडं बांधलं होतं. मी विचारलं, बाबा, शेळीला कशाला? तर इकडंतिकडं बघून म्हणाला, "सरकारला काय, शेळी बी चालंल."

नरसय्या तास घ्यायचे. फळ्यावर उभ्या रेघा काढायचे, एकीजवळ एक, एकीजवळ एक, तास संपेपर्यंत. मुलं तेच काढायची. मी एकदा खिडकीतून बघितलं तर सगळा वर्ग ताणा काढत होता.

मी आणि गोडबोले राजय्याच्या घरी गेलो. त्याची बायको मागाच्या खड्ड्याशी बसली होती. नरसय्या तिला तेलुगूत काहीतरी समजावत होते. तिनं आमच्याकडं बोट करून विचारलं ते मात्र आम्हालाही कळलं. फळ्यावर लिहिणारा मास्तर यातला कोणता, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

गोडबोल्यांनी हात जोडले.

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फौजदाराकडं गेलो. गोडबोले, नरसय्या आणि मी. सुभेदारांना चला म्हटलं तर ते म्हणाले, अंगात कसर हाय. फौजदारासमोर गोडबोल्यांचा पाय असा हलत होता, की टेबलावरची दौत वाजायला लागली. तरी बोलले. ताण्याची वेळ सांगितली, रोजची रीत सांगितली, एकेक मुद्दा खोडत गेले.

फौजदारानं सगळं ऐकून घेतलं. मग खणातून शाळेच्या वहीचं एक पान काढून वाचायला लागला. गोडबोले जे खोडत होते त्याचं मूळ त्या पानावर होतं, आणि मूळच जास्त पटण्यासारखं होतं. फौजदार म्हणाला, "मास्तर, हे लिहिणारा माणूस तुमच्यापेक्षा हुशार दिसतो."

"तो मीच आहे," गोडबोले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण दुसरी बाजू लिहायची राहिली."

फौजदारानं पान घडी घालून ठेवलं. साहेब शुद्धीवर येऊन काय सांगतो त्यावर ठरेल म्हणाला. वरून पांढरं कापड दिसलं असं साहेबानं म्हटलं, की मग त्याच्याही हातात काही नव्हतं. आणि तोवर सातवीच्या फळ्याला कुणी हात लावायचा नाही, तो पुरावा आहे. भीतीनं तो तसाही कुणी पुसला नव्हता. हेडमास्तरांनी त्याच दिवशी वर्गाला कुलूप घातलं आणि सातवी लिंबाखाली बसवली.

मग सगळं सोलापूर एका बेशुद्ध साहेबाच्या तोंडाकडं डोळे लावून बसलं. नरसय्या सिद्धेश्वराला त्या साहेबासाठी नवस बोलून आले. ज्याच्या एका शब्दानं भाऊ जाणार, त्याचीच शुद्ध मागत होते बिचारे. मला तर झोप येईना. साहेब काही न बोलता गेला तर राजय्या सुटणार नाही, आणि बोलला तर काय बोलेल याची भीती. पांढरं तर खरोखरच होतं म्हणत होते ना लोक.

* * *

साहेब बोलला. फौजदार स्वतः शाळेत आला, दोन शिपाई घेऊन. आम्ही टीचर्स रूममध्ये भिंतीसारखे उभे.

फौजदार म्हणाला, साहेबाचं इंजिन वरच बंद पडलं. उतरायला जागा शोधत होता. माळावर त्याला पांढरं दिसलं, पण लांबडं नाही. मोठा गोल. विमानतळाची खूण तशीच असते, म्हणून तो तिकडं वळला. मग आमच्यावरून नजर फिरवत त्यानं विचारलं, "त्या माळावर पांढरा गोल कुणी काढला?"

धावण्याच्या शर्यतीचा गोल! पांढरी फक्की टाकून आखलेला. विमान पडायच्या आदल्या दिवशी तो आखून झाला होता आणि आम्हा सगळ्यांना तो ठाऊक होता. इतके दिवस माळावरचं पांढरं आम्ही कुठं कुठं शोधलं, गोडबोल्यांनी दोन बाजू मांडल्या, पण तो गोल कुणाच्या डोक्यात आला नाही. आपल्या शाळेचा होता ना! आपल्या वस्तूवर संशय घ्यायचा असतो हे सुचतं कुणाला? आणि लोकांच्या पायांनी तो पुसूनही गेला होता.

एकाच माणसाला तो सुचला होता, चहा पिता पिता. सुभेदार पुढं आले. टाच जुळवून ताठ उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. "म्या काढला," ते म्हणाले.

शिपायाच्या हातातली बेडी किणकिणली.

"साहेबांनी तुम्हाला सलाम सांगितलाय," फौजदार म्हणाला. "गोल दिसला नसता तर विमान खालच्या वस्तीवर पडलं असतं. म्हणतात, मी मेलो असतो आणि पन्नास घरं पेटली असती."

सुभेदार मटकन खाली बसले. हेडमास्तर हसायला लागले ते थांबेनात. मीही हसलो. आमच्या हसण्यातून नरसय्यांचा आवाज कसाबसा फौजदारापर्यंत पोचला. ते विचारत होते, मग माझा भाऊ?

"सोडू की संध्याकाळी," फौजदार टोपी घालत म्हणाला. "त्यात काय!"

* * *

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नरसय्या राजय्याला घेऊन शाळेत आले. राजय्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. बोटं बाहेर दिसत होती, ती सुजून एकमेकांना चिकटली होती. त्या हातानं आता तुटलेला धागा जोडता येईल का, हे विचारायचं कुणाला धैर्य झालं नाही.

गोडबोले त्याच्या पाया पडायला वाकले. राजय्या मागं सरला. तो त्यांच्यावर रागावलेला दिसत नव्हता. त्याला फक्त तो फळा बघायचा होता.

हेडमास्तरांनी घाईघाईनं सातवीचं कुलूप काढलं. फळा जसाच्या तसा होता. एक बाजू भरलेली, दुसऱ्या बाजूला नुसतं 'नाही', आणि त्याखाली गोडबोल्यांनी खडू टेकवला होता त्याचा ठिपका. राजय्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं नरसय्यांना तेलुगूत काही विचारलं. नरसय्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

राजय्यानं डाव्या हातानं खांद्यावरच्या पंच्याचं टोक धरलं आणि तेवढं आपलं नाव पुसलं. हळूहळू, अक्षराचा कण राहू नये असं. गोडबोले डस्टर घेऊन सगळाच फळा पुसायला पुढं झाले, तर त्यानं त्यांना अडवलं.

"बाकीचं राहू द्या मास्तर," तो म्हणाला. "माझं एवढंच होतं."

आणि दोघं भाऊ निघून गेले. आम्ही त्यांच्या पाठीकडं बघत राहिलो. तेवढ्यात घंटा झाली. आपला वर्ग उघडला म्हणून सातवीची पोरं लिंबाखालून धावत आली आणि आपापल्या जागी बसली. नियमाप्रमाणं त्यांनी वह्या उघडल्या, माना खाली घातल्या आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली. गोडबोले हातात डस्टर धरून तसेच उभे. शेवटच्या ओळीशी सगळ्यांचे टाक थांबले.

पुढच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, हितं आता कुणाचं नाव लिवायचं?"